दुसऱ्या बारीसाठी थांबलेलं घाटकोपर

आमच्या गावात टॉकीज एकच, आणि तिथे पिक्चर लागतो तो असा, की नायकानं हाणलेला माणूस पडदा फाडून थेट तिसऱ्या रांगेत येऊन पडावा. लोककथेवरचे, कादंबरीवरचे, गाण्याबजावण्यावरचे मराठी चित्रपट घाट चढून आमच्याकडे येतच नाहीत. आणि मी तर आमच्या साप्ताहिकात नेमकी त्यांचीच परीक्षणं लिहितो. ती मी पिक्चर न बघताच लिहितो, असं गावातले काही नतद्रष्ट पानपट्टीवर उभं राहून बोलतात. त्यांची तोंडं कायमची बंद करावीत म्हणून मी मुंबईला जाऊन चार-सहा दिवस राहायचं ठरवलं. मुंबई म्हणजे तुमच्या डोक्यात असलेली समुद्रवाली नव्हे. मी गेलो ते उपनगरात, जिथे समुद्र बघायचा तर सुट्टी काढावी लागते.

मुक्काम मुलुंडला, माझ्या मावसबहिणीकडे. सुमी आमच्या घरात असताना अंड्याचं टरफल दिसलं तरी तीन वेळा हात धुवायची. आता ती सकाळी बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघते आणि कोळणीला म्हणते, "कालचा आहे गं हा, मला शिकवू नकोस." हा चमत्कार तिच्या नवऱ्याचा. आमचे भावजी मूळचे कुडाळकडचे, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी, अंगानं किरकोळ. पण जेवताना माशाचा काटा असा सोडवतात, की मांजराला लाज वाटून ते घर सोडून जातं. सुमीच्या बिल्डिंगीत एकही मांजर नाही, ते यामुळेच.

बोरिवली

नकाशात मुलुंड आणि बोरिवली मांडीला मांडी लावून बसल्यासारखी दिसतात. पण मधल्या डोंगरात बिबटे राहतात, त्यांची झोपमोड नको म्हणून बस लांबून वळसा घालते. त्या वेळात आमच्याकडे नवरदेव जातो, लग्न लावतो, रुसतो आणि परतही येतो.

तिथे मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर थिएटर. दारात वर्दीतल्या इसमानं माझ्या पिशवीत हात घातला आणि गावाहून आणलेल्या भडंगाचा पुडा बाहेर काढला.

"ये अंदर नहीं चलेगा, काका."

"अरे बाबा, हा बाँब नाही, भडंग आहे."

"वो भी नहीं चलेगा."

पुडा त्याच्या टेबलावर राहिला. पिक्चर सुटल्यावर बघतो तर पुडा अर्धा, आणि तो इसम डोळ्यांत पाणी आणून ठसकत होता. लसूण-मिरचीनं आमच्या गावाचा बदला घेतला. तरी जाताना मला म्हणाला, "काका, कल भी आना."

पिक्चर होता विहिरीतल्या हडळीच्या लोककथेवर. मोठ्या मायेनं काढलेला, हे मी आधीच कबूल करतो. विहिरीवरची संध्याकाळ अशी टिपलीय, की मला पडद्यावरून शेवाळाचा वास आला. पण हडळीला बोलायची फार हौस. तिच्यावर काय अन्याय झाला, तो का झाला, त्यातून समाजानं काय शिकावं, सगळं तीच सांगते. माझ्या शेजारी एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. त्या मध्यंतरात मला म्हणाल्या, "आमच्या गावच्या पिंपळावरची कधी एक शब्द बोलली नाही हो. तरी तिकडून कुणी जात नव्हतं." माझं अख्खं परीक्षण त्या बाईंनी वडा खाता खाता करून टाकलं. मी ते जसंच्या तसं छापणार आहे, माझ्या नावानं.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी शनिवार. भावजींना सुट्टी. म्हणाले, "पाहुणे, आज मी नेतो. आमच्या भजनाचा पिक्चर लागलाय. 'काळी चार'."

काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिथून गायचं तर गळ्याला शिडी लावावी लागते. कोकणातले भजनी बुवा तिथून गातात आणि वर एकमेकांना टोमणेही मारतात. त्या प्रकाराला डबलबारी म्हणतात. आपल्याकडे कुस्तीचा फड असतो, तसा त्यांच्याकडे हा भजनाचा. एका बाजूला एक बुवा, दुसऱ्या बाजूला दुसरा. पहिला बुवा आपली बारी करतो, म्हणजे अभंग, गवळण, गजर म्हणतो आणि त्यातूनच समोरच्याला कोपरखळी मारून एखादा सवाल टाकतो. दुसरा तेवढा वेळ मांडी घालून, हसऱ्या चेहऱ्यानं, आतून धुमसत ऐकतो. मग त्याची बारी. तो सगळ्याचं व्याजासकट उत्तर देतो. हे सगळं भावजींनी मला सरकत्या जिन्यावर समजावलं. जिना संपला तरी त्यांचं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही खाली येऊन पुन्हा चढलो.

सकाळचा खेळ. हॉल पाऊण रिकामा. आलेली माणसं बहुतेक भावजींच्याच मुलखातली, कुणी भांडुपचं, कुणी जोगेश्वरीचं. पडद्यावर ओळखीचा माड दिसला तरी "तो बघ, तो बघ" करणारी.

आणि काय पिक्चर होता राव! गिरणीत एका खात्यात काम करणारे दोन बुवा. दिवसा एका डब्यात जेवणारे आणि माघी गणपतीला समोरासमोर बसून एकमेकांची सालटी काढणारे. शेवटी जंगी सामना. पहिला बुवा अशी बारी करतो, की माझ्या अंगावरचा काटा पुढच्या खुर्चीतल्या माणसाला टोचला. तो गजराच्या शेवटी दुसऱ्या बुवाकडे बोट करून सवाल टाकतो:

पेटी तुझी सागवानी, भाता तिचा थोर
सांग बुवा, सूर पळवी कोण असा चोर?

कॅमेरा दुसऱ्या बुवाच्या चेहऱ्यावर जातो. तो पेटी पुढे ओढतो. हात उचलतो. आणि पडदा काळा. संपलं. नावं वर सरकायला लागली.

मी खिशातून वही काढली, "धाडसी शेवट" असे दोन शब्द लिहिले आणि उठलो. "चला भावजी."

"खंय?"

"पिक्चर संपला."

"असा कसा संपला? दुसरी बारी आहे ना अजून!"

मी मागे बघितलं. एकही माणूस उठला नव्हता. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाल्या बायका आत आल्या, तरी सगळं कोकण आपापल्या खुर्चीत घट्ट. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी तर चप्पल काढून मांडी घातली होती. एका झाडूवालीनं विचारलं, "उठताय ना?" त्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाय, बुवा पेटी लावताहेत. जरा थांब."

म्यानेजर धावत आला. गोरापान, घामेघूम, गळ्यात ओळखपत्र. "अहो, पिक्चर खल्लास झाला! कालपण तुम्ही लोकांनी हेच केलं!"

"एका बारीत सामना खल्लास होतो काय?" भावजी उसळले. "अर्धं ताट वाढून पाट काढून घेता?"

शेवटी लोक उठले, पण कुरकुरत. बाहेर पडताना जो तो फोनवर सांगत होता, "येऊ नको रे, अर्धाच दाखवतत." आमच्या गावात पिक्चर पडतो तो वाईट असला म्हणून. इथे चांगला पिक्चर पडत होता, आणि तो का पडतोय हे पाडणाऱ्यांनाच ठाऊक होतं.

दाराशी भिंतीला टेकून एक तिशीची मुलगी उभी होती. पाठीला सॅक, चेहरा पार उतरलेला. म्यानेजर तिला सांगत होता, "सायली मॅडम, पिक्चर चांगलाय, माझी आई रडली. पण मी काय करू? उद्या रविवार. उद्या हॉल भरला तर ठेवतो, नाहीतर सोमवारपासून मारधाडवाला लागतोय."

ही दिग्दर्शिका. मी पुढे होऊन माझी ओळख अशी करून दिली, की तिला मी दिल्लीहून आलोय असं वाटलं असावं. तिनं आम्हाला तिच्या कामाच्या जागी चहाला बोलावलं.

साकीनाका

घाटकोपरहून मेट्रो. ती लोकांच्या स्वयंपाकघराच्या इतकी जवळून जाते, की असल्फ्याजवळ एका बाईनं कढीला फोडणी दिली तिचा ठसका मला डब्यात लागला. डबा बंद होता, आत गारवा होता, तरी लागला. खोटं वाटत असेल तर जाऊन या.

साकीनाक्याला गाळ्यांची रांग. खाली पत्रा कापायचं मशीन, वर सायलीची संकलनाची खोली. मशीन चालू झालं की अख्खी खोली थडथडते, म्हणून ती नाजूक प्रसंग कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत कापते. "माझ्या पिक्चरमधली सगळी शांतता दुपारच्या सुट्टीतली आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मी सरळ विचारलं, "दुसरी बारी का नाही दाखवलीस, पोरी?"

"कारण ती झालीच नाही." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "पहिला बुवा म्हणजे माझे बाबा, भिवा बुवा. मुलुंडच्या मैदानात शेवटचा सामना होता. बाबांनी बारी केली, तोच सवाल टाकला, आणि बाजूला होऊन पाणी प्यायले. समोर धाकू बुवांनी पेटी पुढे ओढली, आणि बाबा बसल्या जागी आडवे झाले. तिथेच गेले. त्यानंतर धाकू बुवा कधी डबलबारीला बसले नाहीत."

भावजींनी मान खाली घातली. त्यांना हे ऐकून माहीत होतं, पिक्चरमध्ये तरी ती राहिलेली बारी होईल म्हणून ते थांबले होते. पण ऐकलेलं निराळं, आणि लेकीच्या तोंडचं निराळं.

"धाकू बुवा आहेत अजून?"

"आहेत की. मुलुंडलाच, चाळीत. पिक्चर लिहिताना मी किती वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले. कडी वाजवायचं धाडस नाही झालं. काय विचारणार होते मी, काका? माझ्या बाबांना तुम्ही काय ऐकवणार होता, असं? आणि त्यांनी खरंच काहीतरी जबरी ऐकवलं असतं, तर? बाबा हरले असते ना."

खाली मशीन सुरू झालं. कप थडथडत टेबलाच्या कडेला निघाले, आम्ही तिघांनी तीन कप धरले.

"तू घरी जा," मी म्हणालो. "कड्या वाजवणं हा माझा धंदा आहे."

मुलुंड

धाकू बुवा दारातच स्टुलावर बसले होते. अंगात गंजी, मिशी पांढरी, आणि आवाज असा, की "कोण?" म्हणाले तर समोरच्या गॅलरीतला वाळत घातलेला परकर हलला. आम्हाला आत घेतलं. जत्रेतलं खाजं पुढं ठेवलं. आलं-गुळाचं ते खाजं इतकं कडक होतं, की माझी दाढ त्यात अडकली आणि पुढचा सगळा संवाद मी एका गालानं केला. कोपऱ्यात पेटी होती. तिच्यावर कापड, कापडावर टीव्हीचा रिमोट.

"भिवाच्या चेडवान पिक्चर काढल्यान, आयकलंय मी," बुवा म्हणाले. "बरा केल्यान."

"तुम्ही बघायला चला, बुवा. उद्या शेवटचा खेळ आहे. आणि बघून झालं, की तुमची बारी करा."

"मेलेल्या माणसार बारी करतत?" बुवा म्हणाले. "झिला, तेव्हा माझ्याकडे उत्तर होता. असा जबरी, की भिवान दोन दिस माझ्याबरोबर डबो खाल्ल्यान नसतो. पण तो गेलो, आणि उत्तर माझ्या तोंडात रवला. आता ता लागू पडणा नाय."

भावजी मला कोपरानं ढोसत होते, की उठा आता, पुरे. पण मी घाटावरचा माणूस. रिकाम्या हातानं परत जायची आमच्यात पद्धत नाही. मी जड आवाज काढला.

"बरोबर आहे बुवा. राहू दे. तसंही लोक म्हणतातच."

"काय म्हणतत?"

"जाऊ दे हो."

"मेल्या, सांग!"

"आज हॉलमध्ये सगळे म्हणत होते, की बरं झालं सामना थांबला. धाकू बुवांकडे उत्तरच नव्हतं."

एकही माणूस असं म्हणाला नव्हता. भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आज रात्री सुमी मला बाहेर झोपवणार. पण बुवा उभे राहिले. त्यांनी पेटीवरचा रिमोट उचलून खाटेवर फेकला, कापड ओढलं, आणि मला म्हणाले, "कोण म्हणालो? नाव सांग! माझ्याकडे उत्तर नव्हता? माझ्याकडे? अरे, भिवाच्या सात पिढ्यांका पुरात इतक्या उत्तर होता!"

आम्ही चाळीच्या जिन्यावर आलो तेव्हा वर पेटीचा भाता हलायला लागला होता. भावजी म्हणाले, "पाहुणे, तुम्ही नरकात जाणार." आणि लगेच फोन काढून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: उद्या सकाळी घाटकोपरला धाकू बुवांची राहिलेली दुसरी बारी. त्यानंतर त्यांचा फोन इतका तापला, की सुमीनं त्यावर पापड भाजला असता.

पुन्हा घाटकोपर

रविवारी सकाळी मॉलच्या दारात मालाडपासून भांडुपपर्यंतचं कोकण उभं होतं. टिळे लावलेले, इस्त्रीचे शर्ट घातलेले, नातवंडांची बोटं धरलेले. कपडे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना वाटलं, आत कुणाचं तरी लग्न आहे. पेटी आणि पखवाज यंत्रातून जाताना सुरक्षावाल्यानं अडवलं. "अंदर क्या है?"

"सूर आसत," धाकू बुवा म्हणाले. "उघडून दाखवू?"

सोडलं त्यानं.

हॉल भरला. पायऱ्यांवर माणसं बसली. सायली सगळ्यात मागे, दाराशेजारी उभी होती. तिच्या पिक्चरचा हॉल भरला होता, तरी चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा. बुवा पहिल्या रांगेत, मांडीवर पेटी. पिक्चरभर ते हलले नाहीत. पडद्यावरचा भिवा हसला की तेवढं मान हलवून म्हणायचे, "तसोच. अगदी तसोच हसायचो मेलो."

सवाल आला. पडद्यावरच्या दुसऱ्या बुवानं हात उचलला. काळोख झाला.

आणि त्या काळोखात खऱ्या पेटीनं सूर धरला.

दिवे लागले तेव्हा बुवा पडद्याखालच्या जागेत बसले होते, शेजारी पखवाज. म्यानेजर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "पुढचा खेळ लागेपर्यंतच हां." बुवांनी आधी वाकून पडद्याला नमस्कार केला, कारण पहिली बारी करणाऱ्या बुवाला मान द्यायची रीत आहे. मग एक अभंग म्हटला, साधा, न उसळता. आवाज थोडा चिरकला, कुणी हसलं नाही. मग त्यांनी गजर उचलला, पट्टी चढवली, पार काळी चारपर्यंत नेली, आणि वर मोकळ्या पांढऱ्या पडद्याकडे बोट करून उत्तर दिलं:

चोर माझ्या समोरीच मांडी घालून बसे
सूर घेऊन पळून गेला, पेटी मला हसे

माझ्या सांगण्यातलं निम्मं वजा करायची आमच्या वाचकांना सवय आहे. इथे काही वजा करू नका. दुसऱ्यांदा ती ओळ हॉलनं उचलली. तिसऱ्यांदा पायऱ्यांवरच्या माणसांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि झाडूवाल्या बायका झाडू भिंतीला लावून उभ्या राहिल्या. मी भावजींकडे बघितलं. ते रडत होते आणि रडता रडता ओरडत होते, "घे भिवा, घे आता!" मी वही काढली नाही. भिवा बुवा हरले की जिंकले, मला काही कळलं नाही. तिथे कुणाला ते ठरवायचंही नव्हतं.

गजर थांबला. बुवांनी मागे दाराशी उभ्या सायलीकडे बघितलं आणि हात केला. लोकांनी वाट दिली. ती पुढे आली, त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला उठवलं, आणि पेटी तिच्यापुढे सरकवली.

"माझी झाली. आता तुमच्या बाजूची. बस."

"काका, मला भजन येत नाही हो."

"तुझ्या बापाशीक तरी खंय येय होता?"

असा हशा उसळला, की वरचे दिवे लुकलुकले. सायली हसत होती, डोळे पुसत होती, आणि हसतच खाली बसली. तिचा एक हात भात्यावर गेला. "थांबा तुम्ही," ती म्हणाली, "माझ्या बाबांना असं बोलता काय! पुढच्या रविवारी या. उत्तर देते."

"येतंय," बुवा म्हणाले. "तयारी करून ये मात्र."

म्यानेजरनं मला विचारलं, "खरंच येतील हे सगळे परत?" मी काही बोलायच्या आत त्यानं हॉलकडे बघितलं. कुणीही उठायचं नाव घेत नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, मारधाडवाल्यांना लावला आणि कानावर हात ठेवून ओरडून सांगितलं, की सोमवारी इकडे येऊ नका, इथे सामना अजून चालू आहे.